माती परीक्षण सेवेचा अभिप्राय: भार आपणहून सांगितला, हादरा विचारल्यावर

पूर्व नागपुरात, नाग नदीपासून जवळच असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या तीन मजली इमारतीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा नव्या सात मजली इमारतीसाठी शहरातील एका खासगी संस्थेकडून माती परीक्षण करून घेतले. बोअरचे काम उत्तम, अहवालातील भूकंपाचा भाग जवळपास निरुपयोगी, आणि वेगळे पैसे मोजून करवून घेतलेली दुसरी चाचणी पैसे वसूल करणारी, असा माझा एकंदर अभिप्राय आहे. परीक्षण करणाऱ्या संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही.

आधी चांगल्याबद्दल. बोअर मारताना ठरावीक खोलीवर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडून नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरसाठी जितके ठोके लागतात, ती त्या थराची एन व्हॅल्यू. दोर ओढणारा कामगार थकला की हातोडा थोड्या कमी उंचीवरूनच सोडतो, मग ठोके जास्त लागतात आणि मऊ माती कागदावर कठीण दिसू लागते. इथल्या पर्यवेक्षकाने सळईवर खडूने ७५ सेंटिमीटरची खूण केली होती, आणि हातोडा खुणेपर्यंत गेला नाही तर तो ठोका बाद धरून चाचणी नव्याने घ्यायला लावत होता. वर काळी माती, तिच्याखाली नदीचा पिवळसर गाळ, मग मुरूम आणि साधारण १२ मीटरवर कातळ, असा क्रम नमुन्यांच्या पेटीत स्वच्छ दिसत होता. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याचे विवेचनही अहवालात सविस्तर आहे.

भूकंपाला मात्र एकच ओळ मिळाली होती: नागपूर भूकंप विभाग २ मध्ये असल्याने विशेष विचार आवश्यक नाही. विभाग २ म्हणजे २०१६ च्या नकाशावरील सर्वांत कमी धोक्याचा विभाग. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी अहवालातून जसेच्या तसे उचललेले असावे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग तत्कालीन नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होता, याची महाराष्ट्रात तरी आठवण करून द्यावी लागू नये. शिवाय विभागाचा आकडा संपूर्ण शहरासाठी एकच असतो, जमीन मात्र तशी नसते. नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण फार खोल नाही, पूर्वेकडे पट्टिताश्म (ग्नाइस) हा जुना खडक आहे, आणि नदीनाल्यांच्या काठी गाळ व भराव. एकाच हादऱ्याने पश्चिमेकडील धरमपेठेतील आणि नदीकाठचे घर सारखेच हलेल, असे मानायला आधार नाही.

कातळातून वेगाने आलेली लहर मऊ गाळात शिरली की तिचा वेग घटतो, आणि तीच ऊर्जा संथपणे पुढे न्यायची म्हणून हेलकावा मोठा होतो. त्यात लहरी पृष्ठभाग आणि कातळ यांच्यामध्ये अडकून पुन्हा पुन्हा फिरतात, त्यामुळे प्रत्येक थराला आपल्या जाडीनुसार झुलण्याची एक लय, म्हणजे एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ, असते. इमारतीची लय तिच्याशी जुळली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यांसारखा परिणाम होतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील भूकंपाचे केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर होते. तरी जुन्या सरोवराच्या चिखलावर वसलेल्या भागातील हादरे शहरातीलच कठीण जमिनीच्या चार-पाच पट नोंदले गेले. चिखलाची लय सुमारे दोन सेकंदांची असल्याने मध्यम उंचीच्या, साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींना अधिक तडाखा बसला. २६ जानेवारी २००१ रोजी भुजच्या भूकंपात केंद्रापासून सुमारे २४० किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. जबलपूरही नागपूरपासून जवळपास तितकेच दूर आहे. मात्र १९९७ चा जबलपूरचा भूकंप ५.८ तीव्रतेचा होता आणि भुजचा ७.७, म्हणजे ऊर्जेत शेकडो पटींचा फरक. घाबरवण्याचा हेतू नाही.

हे मुद्दे मांडून मी लहरींच्या वेगाची चाचणी मागितली. तिचे शुल्क मूळ शुल्काच्या साधारण निम्मे होते आणि त्यावर आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत बरीच चर्चा झाली. लोखंडी पट्टीवर घण मारून रांगेत रोवलेल्या जिओफोनवर (जमिनीची थरथर टिपणाऱ्या उपकरणांवर) लहर कधी पोहोचते ते टिपायचे असते; ट्रकच्या थरथरीने नोंद बिघडू नये म्हणून चमू पहाटेच आला, हे आवडले. कातळापर्यंतच्या थरांत आडव्या लहरींचा सरासरी वेग सेकंदाला २०० मीटर निघाला. जाडीच्या चौपटीला वेगाने भागले की लय मिळते: ४८ भागिले २००, म्हणजे ०.२४ सेकंद. नव्या २४ मीटर उंच इमारतीची लय भिंतींची मदत न धरता सुमारे ०.८ सेकंद येते, म्हणजे दोन्ही बऱ्याच दूर. गंमत अशी की मजल्यामागे एक दशांश सेकंद या ढोबळ हिशेबाने पाडायला निघालेली जुनी इमारतच जमिनीच्या लयीच्या जवळ होती, आणि शेजारची दुमजली घरे आजही आहेत. जोरदार हादऱ्यात माती सैल होऊन तिची लय लांबते, त्यामुळे हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

दुसरी तक्रार हिशेबाची. भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे जमिनीचा प्रकार ठरवताना ३० मीटर खोलीपर्यंतची भारित (थरांच्या जाडीनुसार काढलेली) सरासरी एन व्हॅल्यू घ्यायची असते. अहवालात नुसते ‘मध्यम’ लिहिले होते, आकडेमोड कुठेच नव्हती. ०.८ सेकंद लयीच्या इमारतीसाठी कठीण, मध्यम आणि मऊ जमिनीवरील बलाचे प्रमाण १ : १.३६ : १.६७ पडते, तेव्हा हा शब्द अंदाजाने लिहिण्याजोगा नाही. विचारणा केल्यावर तक्ता मिळाला, प्रकार मध्यमच ठरला, पण कातळाचे थर कसे धरले ते स्पष्ट व्हायला आणखी पत्रव्यवहार करावा लागला.

ही सेवा घेणाऱ्यांनी कार्यादेशातच लहरवेगाची चाचणी, ३० मीटरच्या सरासरीचा तक्ता आणि दुरुस्ती न केलेल्या मूळ ठोक्यांची नोंद लिहून घ्यावी. नंतर मागितले की प्रत्येकाचे वेगळे बिल येते. आमच्या संरचना अभियंत्यांनी मध्यम जमीन धरूनच आराखडा पुढे नेला असून मोकळ्या पार्किंगच्या मजल्यावर दोन्ही दिशांना कातरभिंती (भूकंपाचे आडवे बल पेलणाऱ्या भिंती) घेतल्या आहेत, त्यात गाड्यांच्या दोन जागा गेल्या.