बालीतला सूर्योदय: बतूर की अगुंग?

दोन्ही ज्वालामुखी जिवंत आहेत आणि दोन्हींची चढाई अंधारात सुरू होते, पण पायांना द्यावी लागणारी किंमत फार वेगळी.

बतूर १,७१७ मीटर. पहाटे चारच्या सुमारास पायथा सोडला की दोन तासांत माथा. कळसूबाई चढणाऱ्याला दम लागणार नाही. त्रास होतो तो शेवटच्या टप्प्यातल्या काळ्या, सुट्या खडीचा. वर लवकर पोहोचणंही बरं नाही: घामाने भिजलेला सुती टी-शर्ट वाऱ्यात अंग गारठवतो. कोरडा शर्ट आणि विंडचीटर पिशवीत हवेच. उतरताना गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका. बहुतेक जण इथेच घसरतात. समोर तलाव, अबांग डोंगर, अगुंग आणि हवा स्वच्छ असेल तर शेजारच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी ज्वालामुखी. गर्दी मात्र भरपूर.

अगुंग ३,००० मीटरहून उंच. पासार अगुंग मंदिराकडून साधारण चार तास, बेसाकिह मंदिराकडून सहा-सात. वरचा खडक उघडा आणि तीव्र चढाचा, हात लावावे लागतात. म्हणून टॉर्च हातात नको, डोक्याला बांधायचीच हवी, सोबत जादा बॅटरी. माणशी तीन लिटर पाणी घ्या. उतरणीला चढाइतकाच वेळ धरा. २०१७ मध्ये तो पुन्हा फुटू लागला होता, त्यामुळे चढाईबंदीची ताजी स्थिती आधी तपासा; बेसाकिहच्या मोठ्या उत्सवांतही चढाई बंद असते.

पहिल्यांदाच रात्री चढणाऱ्याने बतूरच निवडावा. दोन्हीकडे स्थानिक वाटाड्या घ्या आणि एप्रिल ते ऑक्टोबरचा कोरडा काळ गाठा.