एकाग्रतेच्या गमीज : बाटलीवरचा दावा आणि आतली मात्रा

एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता ही लक्षणे असलेली अवस्था) असलेल्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक आहाराच्या बाटल्यांचे घटक आणि दावे एकमेकींशी इतके मिळतेजुळते असतात की एका बाटलीचे परीक्षण थोड्याफार फरकाने इतरांनाही लागू पडावे. म्हणून येथे कंपनीचे नाव न घेता, आमच्या घरी नऊ वर्षांच्या मुलासाठी आणलेल्या एका बाटलीविषयी लिहीत आहे. शाकाहारी, संत्र्याच्या चवीच्या ३० गमीज (चघळून खायच्या मऊ गोळ्या), किंमत ६०० रुपयांच्या आसपास. रोज दोन द्यायच्या असल्याने बाटली १५ दिवसांत संपते, म्हणजे महिन्याचा खर्च १२०० रुपये. पुढच्या बाजूला एकाग्रता, स्मरणशक्ती आणि मेंदूचा विकास हे शब्द ठसठशीत छापलेले आहेत, तर मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत, हे उत्पादन औषधी वापरासाठी नसल्याची सूचना आहे. दोन्ही मजकुरांत विश्वास ठेवण्याजोगा दुसराच.

चवीविषयी तक्रार नाही. मुलाने पहिल्याच दिवशी तिसरी मागितली.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. या दोन गमीजमधून शैवालापासून काढलेले ५० मिलिग्रॅम डीएचए मिळते आणि ईपीए अजिबात मिळत नाही. (ही दोन्ही ओमेगा–३ प्रकारची मेदाम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थांतील घटक.) ओमेगा–३ चा विषय निघाला की ज्या ऑक्सफर्ड–डरहॅम चाचणीचा हमखास उल्लेख होतो, त्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांना रोज ५५८ मिलिग्रॅम ईपीए आणि १७४ मिलिग्रॅम डीएचए दिले गेले होते. शिवाय त्यातील ११७ मुलांची निवड हालचालींच्या समन्वयातील अडचणीवरून झाली होती, एडीएचडीच्या निदानावरून नव्हे. पुढे २०११ मध्ये १० चाचण्यांतील ६९९ मुलांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा लक्षणांत सुधारणा दिसली खरी, पण ती अल्प होती, नेहमीच्या औषधांच्या परिणामाच्या मानाने बरीच कमी होती आणि ईपीएचे प्रमाण जिथे अधिक तिथे किंचित जास्त होती. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याने तर पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत खऱ्या आणि लुटुपुटीच्या गोळ्यांमध्ये फरक आढळत नाही, असाच निष्कर्ष काढला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूचनाही एडीएचडीच्या उपचारासाठी मेदाम्लांच्या पूरक गोळ्यांची शिफारस करू नये असे स्पष्ट सांगते. म्हणजे जिथे भरपूर मात्रा देऊनही हाती फारसे लागले नाही, तिथे ही बाटली त्या मात्रेचा अंशच देते, आणि त्यातही ज्या घटकाकडून थोडीफार आशा होती तोच गाळून.

बहुजीवनसत्त्वांची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६ ते १२ वयाच्या १३५ मुलांना आठ आठवडे जीवनसत्त्वे व खनिजांचे मिश्रण किंवा त्यासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आल्या. कोणाला काय दिले आहे हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांच्या मते मिश्रण घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी १८ टक्के मुले सुधारली, परंतु पालकांनी भरलेल्या तक्त्यांत दोन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली. हा निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, पण ती मुले दिवसाला ९ ते १२ कॅप्सूल वैद्यकीय देखरेखीखाली घेत होती. दोन गमीजच्या विक्रेत्याने त्या चाचणीच्या जोरावर आश्वासने देणे योग्य नव्हे.

पालकांचे तक्ते आणि तज्ज्ञांचे मत यांत तफावत पडते यात नवल नाही. १९९४ च्या एका प्रयोगात मुलांना साखर नसलेले पेय देऊन काही आयांना मात्र त्यात साखर असल्याचे सांगण्यात आले, आणि त्या आयांना आपला मुलगा जास्तच चळवळ करतो आहे असे वाटले. साखरेने मुले ‘चढतात’ ही समजूत कोणत्याही आजीसमोर खोडून काढण्याचे धाडस मी अर्थातच करणार नाही.

आमच्या बाटलीवर आणखी एक नोंद होती : रंग आयएनएस ११०, म्हणजे सनसेट यलो. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ मधील अभ्यासात काही कृत्रिम रंगांच्या आणि सोडियम बेन्झोएटच्या मिश्रणाने सर्वसामान्य मुलांतही चंचलता थोडी वाढलेली दिसली, आणि त्यातील सहा रंगांपैकी कोणताही वापरलेल्या खाद्यपदार्थांवर २०१० पासून युरोपीय संघात तसा इशारा छापावा लागतो. त्या सहांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे चार आपल्याकडे ठराविक मर्यादेत चालतात, इशाऱ्याविना. परिणाम लहान आहे आणि प्रत्येक मुलात दिसतोच असे नाही, तरी मुलाचे लक्ष लागावे म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत नेमका हाच रंग घालणे मला अक्षम्य वाटते.

या बाटलीत जे नाही, तेही पाहायला हवे. लोहाने चव बिघडते म्हणून बहुतेक गमीजमधून ते वगळलेले असते, आणि आपल्या मुलांत कमतरता असते ती बहुधा त्याचीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची जवळजवळ ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. २००४ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांपैकी ८४ टक्क्यांच्या रक्तात फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी होते, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसला नाही आणि लोह म्हणजे एडीएचडीचा उपचार असेही नव्हे. पण हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन खालावलेले असू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून ही तपासणी करून घेण्यात एका बाटलीच्या पैशांचा अधिक चांगला उपयोग होतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र ती करू नये, कारण तेव्हा आकडा फसवा वर जातो.

पालक या बाटल्यांकडे का वळतात, हे मी समजू शकते. एडीएचडीवरचे मेथिलफेनिडेट हे औषध आपल्याकडे परिशिष्ट ‘एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत, येते आणि दुकानदाराला डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. तो सारा सोपस्कार पाहूनच निम्मे घर धास्तावते, आणि गमीजना चिठ्ठी लागत नाही. परंतु औषध सुरू असलेल्या मुलाच्या आहाराची खरी अडचण वेगळीच असते : दुपारी भूक मरते, डबा जसाच्या तसा परत येतो आणि वजन रेंगाळते. यावर उपाय गमीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. सकाळी गोळीआधी भरपेट न्याहारी, म्हणजे थालीपीठ आणि दही, अंडे, किंवा वर लिंबू पिळलेले, मोड आलेली कडधान्ये घातलेले पोहे. सोबत चहा नको, कारण तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, तर लिंबू शोषणाला मदत करते. संध्याकाळी औषधाचा अंमल ओसरला की मुलाला सपाटून भूक लागते, तेव्हा बिस्किटांच्या पुड्याऐवजी अळिवाचा लाडू किंवा नाचणीची खीर हाताशी असावी. मासे खाणाऱ्या घरात बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोनदा झाली, तर या बाटलीतून मिळणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त ओमेगा–३ पोटात जाते, ईपीएसह.

पाचपैकी दीड गुण, तोही चवीचा आणि घट्ट झाकणाचा. मासे न खाणाऱ्या कुटुंबांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ओमेगा–३ द्यायचेच ठरवले, तर शैवालाचे ईपीए आणि डीएचए दोन्ही असलेले तेल निवडावे आणि पुढच्या चित्राआधी मागचा तक्ता वाचावा. एकाच वेळी टॉनिक, माल्टची पावडर आणि गमीज सुरू असतील, तर अ आणि ड जीवनसत्त्वांची बेरीज करून पाहावी, कारण ती शरीरात साठतात. आणि डॉक्टरांनी लोहाचे औषध लिहून दिलेच, तर ते कुलपात ठेवावे. लहान भावंडाने गोड समजून बाटली रिकामी केली तर ती विषबाधा जिवावर बेतू शकते.