पोडियमवरचं गार्डन की जमिनीवरची बाग? फ्लॅट बुक करायच्या आधी हे बघाच

माझी मावसबहीण पुण्यात बाणेर-बालेवाडी साइडला फ्लॅट बघतेय आणि दोन प्रोजेक्टमध्ये अडकलीय. भाव जवळपास सारखा, पण एकात सगळं गार्डन पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, आणि खाली तीन मजले पार्किंग, दुसऱ्यात पोडियम छोटासाच आहे पण मागे जमिनीवर बाग सोडलीय आणि तिथले जुने कडुनिंब तसेच ठेवलेत. आम्ही सात वर्षं पोडियमवाल्या सोसायटीत राहतोय त्यामुळे तिला जे सांगितलं ते इथे पण लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी नियमाचं. मुंबई सोडून बहुतेक राज्याला यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू आहे, 2020 ची. त्यात प्लॉट 0.4 हेक्टर म्हणजे साधारण एक एकर किंवा जास्त असेल तर 10 टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडावी लागते, त्यामुळे छोट्या प्लॉटवर बिल्डर ब्रोशरमध्ये जे हिरवं दाखवतो ते बरंचसं त्याच्या मर्जीवर असतं. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, तिच्या अटींमध्ये दर 80 चौरस मीटर जमिनीला एक झाड असं साधारण असतंच. मुंबईच्या एका केसमध्ये तर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2013 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की किमान मोकळी जागा जमिनीवरच पाहिजे, पोडियमवरची धरायची नाही. नंतर तिथल्या नवीन नियमावलीत काही हिस्सा पोडियमवर चालवून घेतला, पण कोर्टाचा मुद्दा मला आजही पटतो.

आता पोडियम. लहान मुलांसाठी खरंच छान, गाड्या येत नाहीत, लिफ्टने थेट उतरायचं, सासूबाई व्हीलचेअरवर होत्या तेव्हा रोज संध्याकाळी बाहेर येऊ शकल्या ते ह्याच्यामुळेच. पण माती किती आहे हे कुणी विचारत नाही. लॉनला फूटभर पुरते, झुडपांना दीड-दोन फूट, मोठ्या झाडाला तीन-चार फूट तरी हवी, आणि ओली माती एक घनमीटर म्हणजे 1,800 किलोच्या आसपास वजन, ते स्लॅबवर पेलायचं म्हणजे डिझाइनमध्येच धरावं लागतं. म्हणून मग पाम आणि बुटकी झुडपं लावतात, सावली शून्य, एप्रिलमध्ये पाच वाजता सुद्धा मुलं खाली जात नाहीत. आणि गळती! चौथ्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर पाणी टपकायला लागलं, निम्मं लॉन उपसून वॉटरप्रूफिंग परत करावं लागलं. रेरा कायद्यात बिल्डरने दोष दुरुस्त करून द्यायची जी पाच वर्षं आहेत त्यात होतो म्हणून बिल्डरने केलं, तेही चार महिने मागे लागल्यावर, सहाव्या वर्षी झालं असतं तर सगळा खर्च आमच्या डोक्यावर.

जमिनीवरच्या बागेत डास जास्त, पालापाचोळा रोजचा, गाड्यांचा रस्ता शेजारून जातो म्हणून छोट्यांवर लक्ष ठेवावं लागतं. पण झाड वाढतं, पाणी मुरतं, आणि बहावा, ताम्हण, बकुळ, करंज असं काही लावलं असेल तर दोन-तीन वर्षांनी त्यांना फारसं पाणी पण लागत नाही. लॉनचं तसं नाही, उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर तरी धरा, म्हणजे हजार चौरस मीटरला रोज अर्धा टँकर (10,000 लिटरवाला). एसटीपीचं (सोसायटीतलं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) पाणी बागेला वेगळ्या लाइनने येतंय का हे दोन्हीकडे विचारा. आणि कंपाउंडला कोनोकार्पस (एक परदेशी झाड) लावलेला दिसला तर बदलून मागा, गुजरातने 2023 मध्ये त्यावर बंदीच घातलीय.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक फसतात. प्लॅनमध्ये बाग 'जमिनीवर' दिसते पण बेसमेंट पार कंपाउंडपर्यंत गेलेलं असतं, म्हणजे मातीखाली परत स्लॅबच. नावाला जमीन, बाकी पोडियमच तो. बेसमेंटचा मंजूर प्लॅन मागा, लेआउट महारेराच्या (राज्याचं रेरा प्राधिकरण) साइटवर पण मिळतो, दोन्ही एकावर एक ठेवून बघा.

बहिणीला मी दुसरा प्रोजेक्ट सांगितलाय, पण एका अटीवर. बेसमेंटची भिंत कडुनिंबांपासून लांब पाहिजे, कारण खोदकामात मुळं तुटली तर झाड लगेच नाही मरत, पझेशन होऊन वर्ष-दोन वर्षांनी वाळतं, तेव्हा दाद कोणाकडे मागणार? भिंत बुंध्याला खेटून असेल तर तिने सरळ पहिला घ्यावा, मुलं चार आणि सहा वर्षांची आहेत, निदान खेळायला सुरक्षित जागा तरी मिळेल. रविवारी ती टेप घेऊन साइटवर जातेय.