मिरजेचा तानपुरा: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून झाल्यावर

गाणं शिकणारे आपण बरेचजण मोबाइलच्या तानपुऱ्यावर रियाज करतो. मीही काही वर्षं तेच केलं. गेल्या मे महिन्यात मिरजेहून चार तारांचा तानपुरा आणला आणि आता माझं मत पक्कं झालंय: कान तयार व्हायचा तर तानपुरा नुसता ऐकून भागत नाही, तो रोज आपल्या हातानं सुरात लावावा लागतो.

माझी पट्टी, म्हणजे माझा 'सा', हार्मोनियमच्या काळी एकवर. आधी जोडीच्या दोन तारा षड्जात, म्हणजे 'सा'त मिळवायच्या, मग खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची जाड तार, शेवटी पंचम, म्हणजे 'प'. जोड मिळत आली की आवाजात लहर ऐकू येते. दोन तारांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन लहरी. अशा वेळी खुंटीला हात लावायचा नाही, घोडीमागे (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यामागे) तारेत ओवलेला मणी केसभर सरकवायचा. लहर लांबत जाते आणि विरते. सुरुवातीला ही लहर पकडायला कान फार ताणावा लागे. दिवाळीपर्यंत ट्यूनर कपाटात गेला.

पण खरी कमाई गंधाराची, म्हणजे 'ग'ची. जवारी, म्हणजे तार घोडीला घासत वाजल्यानं येणारी झणझणीत आस, चांगली खुलली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो, तोच स्वयंभू गंधार. हार्मोनियमचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा असतो. हार्मोनियमच्या सवयीनं यमन रागात माझा गंधार नेहमी वर राहायचा. आता तो जरा चढला तरी कानाला टोचतो, आणि नेमका लागला की आवाज तानपुऱ्यात मिसळून जातो. हे सुख मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर मला कधी मिळालं नाही.

मारवा रागात पंचम वर्ज्य, म्हणून एरवी पंचमात असणारी पहिली तार मी निषादात, म्हणजे 'नी'त लावतो. ते अजूनही जड जातं. पंचम षड्जाशी लगेच जुळतो. निषाद मनात आधी पक्का असावा लागतो, तरच तारेवर सापडतो. कानाला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

ताना ऐकून त्यातले स्वर ओळखायला मात्र तानपुऱ्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी पलटे (स्वरांच्या ठरावीक क्रमांचे सराव) घोटणं आणि ऐकलेल्याची सरगम लिहिणं वेगळं करावंच लागतं.

सांभाळायला वाद्य नाजूक आहे. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसल्या, पोलादी तारा गंजल्या, बदलाव्या लागल्या. भोपळ्याला धक्का चालत नाही, त्यामुळे प्रवासात मोबाइलच बरा.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच आहे. तरी घेताना नुसत्या नावावर जाऊ नका. स्वतः जा, आपली पट्टी सांगा, तानपुरा त्या पट्टीत लावून घ्या आणि खर्ज एकटा छेडून गंधार स्पष्ट येतो का ते ऐका. येत नसेल तर कारागिराला तिथेच घोडी घासून जवारी काढून द्यायला सांगा.