टायरमधले सीलंट: स्कूटरला घाला, मोटारीला नको

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या भोवतालच्या रस्त्यांवर बैलगाड्या वाढतात आणि बैलांच्या खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्रीचे खिळेही वाढतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमधला लेथचा लोखंडी चुरा तर बारमाही आहे. त्यामुळे ट्यूबलेस टायरमध्ये भरायचे, पंक्चर आपोआप बुजवणारे सीलंट, ज्याला पंक्चरवाले ‘जेल’ म्हणतात, येथे भरपूर खपते. मी ते स्कूटरमध्ये वापरतो आणि समाधानी आहे. मोटारीत मात्र ते आधीपासून भरून ठेवू नये, असे माझे मत झाले आहे.

या द्रवात मुख्यतः ग्लायकोल असते आणि त्यात बारीक तंतू व रबराचे कण मिसळलेले असतात. चाक फिरू लागले की तो टायरच्या आतल्या बाजूने नक्षीच्या पट्ट्यामागे पसरतो, आणि खिळा घुसला की बाहेर पडू पाहणारी हवाच त्याला छिद्रात ढकलते, तेथे तंतू एकमेकांत अडकून बूच तयार होते. माझ्या मागच्या चाकातला खिळा पकडीने उपसला तेव्हा छिद्रातून हिरवा फेस बुडबुडत बाहेर आला. ते छिद्र खालच्या बाजूला येईल असे चाक फिरवून ठेवल्यावर फेस हळूहळू थांबला, आणि वर थुंकी लावून पाहिली तरी बुडबुडा उठला नाही. साधारण सहा मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांसाठी बहुतेक सीलंट बनवलेली असतात. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर पडली तर मात्र त्यांचा उपयोग नाही, आणि ट्यूब असलेल्या टायरमध्येही फारशी आशा धरू नये, कारण खिळ्याने ट्यूब बहुधा फाटत जाते.

स्कूटरच्या चाकाला साधारण पाव लिटर पुरते. व्हॉल्व्हची पिन काढून द्रव भरायचा, हवा मारायची आणि लगेच थोडे अंतर गाडी चालवायची, एवढेच काम असते.

तोटा कळतो तो टायर उघडल्यावर. रिमला चिकट साय धरलेली असते, ओल्या रबरावर पॅच बसत नाही, आणि पंक्चरवाला आधीच बजावतो, “जेलचा टायर हाय व्हय? मग धुवायचं पैसं येगळं पडत्यात.” त्याचा त्रागा मला रास्त वाटतो. त्याहून गंभीर बाब अशी की, खिळा आत असूनही हवा टिकते, त्यामुळे तो टायरच्या आतले दोरे कुरतडत राहतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. म्हणून सीलंट असले तरी हवा तपासताना टायर सगळीकडून फिरवून पाहावा लागतो.

मोटारीचा हिशेब वेगळा आहे. महामार्गावर कागलच्या दिशेने वेग धरला की आत असमान पसरलेल्या द्रवाने चाकाचे बॅलन्सिंग बिघडून स्टिअरिंग थरथरू शकते, आणि हवेचा दाब सांगणारे सेन्सर असतील तर त्यांचे छिद्रही बुजू शकते. मोटारीत स्टेपनी असते, ती बदलायला थोडा वेळ लागेल इतकेच. ज्या नव्या गाड्यांत स्टेपनी दिलेलीच नाही, त्यांच्यासाठी सीलंटची बाटली आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत असणे योग्य आहे. दाब दाखवणारी यंत्रणा आणि असा दुरुस्ती संच असल्यास स्टेपनीशिवाय प्रवासी मोटार विकण्यास केंद्राने 2020 मध्ये नियमांत मुभा दिली आहे. मात्र हा संच तात्पुरता असतो. त्यावर वेगाची मर्यादा बहुधा ताशी 80 किलोमीटर लिहिलेली असते आणि वापरण्याची अंतिम तारीखही असते, जी बहुतेक मालक एकदाही पाहत नाहीत. गगनबावड्याहून कोकणात घाट उतरण्याआधी ती पाहून घ्यावी, आणि बाटली वापरलीच तर टायर उघडण्यापूर्वी पंक्चरवाल्याला तसे सांगावे.