विणलेली कथा, छापलेली कथा: जपानी आरपीजींच्या तीन पिढ्या

सोलापुरी चादरीची नक्षी कापडावर छापलेली नसते, जॅकार्डवर धाग्याधाग्याने विणलेली असते. जपानी आरपीजी (पात्रांच्या भूमिकेत शिरून खेळायचे कथाप्रधान व्हिडिओ गेम) निवडतानाही हीच कसोटी लावावी: कथा लढाईत विणलेली आहे, की लढाई संपल्यावर वरून छापली आहे? या कसोटीला जुने गेम्स नव्यांपेक्षा कमी पडत नाहीत, काही ठिकाणी तर सरस ठरतात. (पुढे कथेतले काही प्रसंग उघड होतील.)

'फायनल फँटसी ४' (१९९१) मध्ये चित्रं बोटभर आणि संवाद त्रोटक. पण त्यातला म्हातारा जादूगार टेला बघा. मुलीच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी तो एका डोंगरावर मीटिओ हा मंत्र मिळवतो. मंत्राला ९९ एमपी (मंत्रशक्तीचे गुण) लागतात आणि टेलाची कमाल मर्यादा ९०. लेव्हल कितीही वाढवा, ती वाढत नाही. पुढे काय होणार ते मेन्यूतला आकडाच सांगून जातो. त्याच डोंगरावर नायक सेसिलला स्वतःच्याच काळ्या रूपाशी लढावं लागतं. तिथे तलवार चालवायची नाही, फक्त डिफेंड करत राहायचं. पॅलाडिन (पवित्र योद्धा) होताच त्याची लेव्हल पुन्हा १ वर येते, म्हणून त्याआधी सेसिलची लेव्हल वाढवण्यात तास घालवू नका.

'फायनल फँटसी ६' (१९९४) अजून खोल जातो. तरंगत्या खंडावरून निसटताना ६ मिनिटांचं घड्याळ चालू असतं. कड्यावर पोचल्यावर लगेच उडी मारली तर शॅडो हा सोबती कायमचा गेला. 'थांबा' निवडून शेवटचे ५ सेकंद उरेपर्यंत धीर धरला तर तो धावत येतो. सोबत्याची वाट पाहणं हे इथे खेळाडूच्या हातात आहे, नुसत्या बघायच्या दृश्यात नाही. उत्तरार्धात जग उद्ध्वस्त झाल्यावर फक्त सेलिस, एडगर आणि सेट्झर सक्तीचे आहेत, बाकीच्यांना शोधायचं की नाही ते तुम्ही ठरवता. नेहमी होणारी चूक एस्परची (पात्राला जोडायचे जादुई जीव): लेव्हल वाढताना जो एस्पर लावलेला असेल त्याचाच बोनस मिळतो. एस्पर न लावता वाढवलेल्या लेव्हल वाया जातात.

हे दोन्ही गेम पिक्सेल रिमास्टर आवृत्तीत फोनवर चालतात. लढाईबाहेर कुठेही क्विक सेव्ह होतो, त्यामुळे हुतात्मा एक्सप्रेसच्या पुण्यापर्यंतच्या चार तासांत निवांत खेळता येतं. इंग्रजी सावकाश वाचत असाल तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हऐवजी 'वेट' ठेवा. मंत्रांचा किंवा वस्तूंचा मेन्यू उघडा असताना शत्रू थांबतो.

मधल्या पिढीत चित्रं देखणी झाली आणि वीण सैल झाली. 'फायनल फँटसी ८' (१९९९) ही प्रेमकथा आहे, पण खेळाडूचा वेळ शत्रूकडून मंत्र ओढण्यात जातो. एका वेळी फार तर ९, साठा १०० पर्यंत. जंक्शन केलेला (ताकद वाढवण्यासाठी पात्राला जोडलेला) मंत्र वापरला की ताकद घटते, म्हणून तो वापरवतच नाही. शिवाय शत्रूही तुमच्यासोबत लेव्हल वाढवतात. उपाय एकच: पत्त्यांचा डाव जिंका, पत्ते मोडून वस्तू करा आणि वस्तूंपासून मंत्र.

'फायनल फँटसी १०' (२००१) मात्र अपवाद आहे. कोणाची पाळी कधी ते पडद्यावर दिसतं, लढाईतच गडी बदलता येतो, आणि युनालेस्का या शत्रूशी होणारी लढत तर या मालिकेतल्या उत्तम लढतींपैकी एक. ती सगळ्यांना झॉम्बी करते आणि नवखा खेळाडू लगेच होली वॉटरने सगळ्यांना बरं करतो. तिच्या तिसऱ्या रूपाचा मेगा डेथ नेमका झॉम्बी नसलेल्यांनाच मारतो. म्हणून एक-दोघांना झॉम्बीच राहू द्या. मेलेल्यांच्या आधारावर उभ्या धर्माशी झुंजताना अर्धमेलं राहूनच वाचता येतं, याहून घट्ट वीण कोणती! दोष एवढाच की लढाईआधीचा लांब प्रसंग वगळता येत नाही. हरलात की पुन्हा बघा.

नव्या पिढीत 'पर्सोना ५ रॉयल'. इथे कथा कॅलेंडरमध्ये विणली आहे: शाळा सुटल्यावर एक काम, रात्री एक काम, आणि बहुतेक मैत्री लढाईत काहीतरी देतात. पहिल्याच महिन्यात एसपी (मंत्र वापरायचे गुण) संपतो आणि लोक एका महालावर (लढाया होतात ती जागा) तीन-चार दिवस घालवतात. डॉक्टर ताकेमीची मैत्री आधी वाढवा, पुढे तिच्याकडे एसपी भरणारे पॅच मिळतात. महालात सेव्ह फक्त सेफ रूममध्ये होतो. एप्रिल-मेमध्ये वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरशिवाय डेस्कटॉपवर खेळणाऱ्याने खोली दिसली की आधी सेव्ह करावं, लॅपटॉपवाल्याला ती धास्ती नाही.

रॉयलमध्ये वाढवलेला तिसरा सत्र-भाग हाच विकत घेण्याचं खरं कारण, आणि तो आपोआप उघडत नाही. समुपदेशक मारुकीची मैत्री १८ नोव्हेंबरच्या आत ९ व्या पायरीला न्यावी लागते. तो शाळेत असेल त्या दुपारी दुसरं काम घेऊ नका.