ट्रूनॅट: टीबीची चिप चांगली, मदार मात्र पिपेटवर

गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही टीबी तपासणी बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी काम थांबत नाही. थुंकीतला डीएनए ट्रूप्रेप यंत्र वेगळा करतं. मग तयार द्रावातले ६ मायक्रोलिटर पिपेटने (थेंब मोजून उचलायच्या साधनाने) सुक्या मास्टरमिक्सच्या, म्हणजे तपासणीच्या रसायनांच्या, नळीत टाकायचे, ३० ते ६० सेकंद थांबायचं आणि मिश्रण स्वच्छ झालं की त्यातले ६ मायक्रोलिटर चिपच्या, म्हणजे जिच्यावर तपासणी होते त्या छोट्या पट्टीच्या, पांढऱ्या खळगीत सोडायचे. थुंकीपासून निकालापर्यंत साधारण तासभर.

गडबड होते ती इथेच. पिपेटची टिप (टोकाला लावायची नळी) खळगीच्या तळाला घासली, थेंब बाहेर सांडला किंवा बुडबुडा अडकला की चिप वाया. फिल्टरवाली टिप प्रत्येक वेळी नवीनच हवी. तिथे काटकसर केली तर आधीच्या नमुन्याचा डीएनए पुढच्यात जाऊन खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. जीनएक्सपर्ट या दुसऱ्या टीबी तपासणीच्या बंद कार्ट्रिजमध्ये हा व्याप नाही. शिवाय तिथे रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणारा टीबीही त्याच चाचणीत कळतो. इथे त्यासाठी वेगळी चिप आणि आणखी तासभर.

चिप ३० अंशांपर्यंत टिकते, फ्रिज लागत नाही. हात बसलेला तंत्रज्ञ असेल तर ग्रामीण केंद्रासाठी आम्ही हेच घेऊ.